फ्लूचा विषाणू ‘बदलला’ म्हणजे नेमके काय बदलले?

गेल्या दोन महिन्यांत ओपीडीत रोज दोघे-तिघे तरी मोबाइल पुढे धरून विचारतात, ‘‘डॉक्टर, तो सुपरफ्लू आपल्याकडे आलाय का?’’ परवा एका निवृत्त शिक्षकांनी त्यापुढचा प्रश्न विचारला. वय ६४, मधुमेह, जून महिन्यात फ्लूची लस घेतलेली. ‘‘टीव्हीवर सांगतात, विषाणू बदलला. मग माझी लस वाया गेली का?’’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते. ‘सुपरफ्लू’ हा शब्द वैद्यकाच्या कुठल्याही पुस्तकात नाही, तो बातमीदारांचा आहे. दुसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ लागतो आणि बाहेर साठ माणसे रांगेत असताना तेवढा वेळ नसतो. म्हणून ते उत्तर इथे लिहितो.

ज्याची चर्चा चालू आहे तो इन्फ्लुएंझा ‘ए’ गटातला एच३एन२ विषाणू. १९६८ पासून तो माणसांत फिरतो आहे. त्याची ‘के’ नावाची उपशाखा २०२५ च्या मध्यानंतर झपाट्याने वाढली आणि ब्रिटन व जपानमध्ये फ्लूचा हंगाम नेहमीपेक्षा कितीतरी आधी सुरू झाला. उत्तर गोलार्धाच्या लशीत कोणता विषाणू घालायचा हे जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारीतच ठरवले होते. म्हणजे लस ठरली आधी, विषाणू बदलला नंतर. आधीच्या उपशाखेशी ताडून पाहिले तर ‘के’च्या हिमॅग्लुटिनिन या प्रथिनात सात अमिनो आम्ले वेगळी आहेत.

हिमॅग्लुटिनिन म्हणजे विषाणूच्या अंगावरचा काटा. याच काट्याने तो आपल्या श्वसनमार्गातल्या पेशींना चिकटतो आणि लशीने तयार होणारी बरीचशी प्रतिपिंडे याच काट्यावर बसतात. सुमारे साडेपाचशे अमिनो आम्लांच्या तीन साखळ्या एकत्र येऊन एक काटा होतो. साडेपाचशेत सात बदल, म्हणजे सव्वा टक्का. एवढ्याने काय बिघडते, असे कोणालाही वाटेल. पण इथे संख्येपेक्षा ते सात बदल कुठे आहेत याला महत्त्व आहे.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, वीस तऱ्हेच्या मण्यांची. ही माळ सरळ राहत नाही. ती घड्या घालून, गुंडाळून एक ठराविक आकार घेते. पाण्याशी न जमणारे मणी साधारणपणे आत दडतात, पाण्यात रमणारे बाहेर येतात. बुंदीचा लाडू डोळ्यांसमोर आणा. हजारभर कळ्यांपैकी बोटाला लागतात त्या बाहेरच्याच. प्रतिपिंडाचेही तसेच. त्याला विषाणूच्या प्रथिनाचे पोट दिसत नाही, फक्त पृष्ठभाग कळतो, आणि एका प्रतिपिंडाचा हात त्या पृष्ठभागावरच्या जेमतेम पंधरा-वीस अमिनो आम्लांवर पडतो. आत दडलेला मणी बदलला तर प्रतिपिंडाला बहुधा पत्ताही लागत नाही. बाहेरचा एक बदलला तर कधी कधी पकडच सुटते.

बाहेरच्या एका मण्याने काय होते, याचे उदाहरण विदर्भात आणि नंदुरबारमध्ये काम केलेल्या डॉक्टरांना वेगळे सांगायला नको. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतले सहावे अमिनो आम्ल बदललेले असते. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. ती जागा पृष्ठभागावर आहे. पाण्याशी न जमणारे व्हॅलिन बाहेर उघडे पडते, शेजारच्या हिमोग्लोबिनच्या खळग्यात जाऊन बसते आणि रेणूंच्या दोऱ्या तयार होऊन लाल पेशी कोयत्यासारखी वाकते. एवढा मोठा आजार, आणि मुळाशी पृष्ठभागावरचा एक मणी.

आता, कोणता मणी बाहेर आणि कोणता आत हे ठरवायचे कसे? सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसत नाही. क्ष-किरणांनी किंवा अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने प्रथिनातल्या प्रत्येक अणूची जागा मोजली जाते आणि अशा रचना १९७१ पासून एका सार्वजनिक संग्रहात जमा होत आल्या आहेत. त्याच वर्षी येल विद्यापीठातल्या ली आणि रिचर्ड्स यांनी एक युक्ती मांडली, ती आजही वापरात आहे. पाण्याच्या रेणूएवढा, म्हणजे १.४ अँगस्ट्रॉम त्रिज्येचा एक गोळा घ्यायचा (अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग) आणि तो संगणकात प्रथिनाच्या अंगावरून सगळीकडून लोळवायचा. लाडवावरून मोहरीचा दाणा फिरवावा तसा. गोळा ज्या अणूला टेकतो तो अणू बाहेरचा, जिथे शिरू शकत नाही तो आतला. दोन वर्षांनी श्रेक आणि रप्ली यांनी हीच गोष्ट मोजायला सोपी करून टाकली. प्रत्येक अणूभोवती गोलावर ठिपके मांडायचे, शेजारच्या अणूंनी झाकलेले ठिपके खोडायचे आणि उरलेले मोजायचे. आजचा साधा लॅपटॉप हे काम क्षणात करतो.

त्यात एक बारीक हिशेब आहे. अमिनो आम्ले एका आकाराची नसतात. ट्रिप्टोफॅन हे धिप्पाड, ग्लायसिन किरकोळ; पूर्ण उघडे असताना ट्रिप्टोफॅनचे क्षेत्रफळ ग्लायसिनच्या अडीच पटींहून जास्त भरते. म्हणून नुसते क्षेत्रफळ न धरता, त्या अमिनो आम्लाचा जास्तीत जास्त जेवढा भाग उघडा असू शकतो त्यापैकी किती टक्के उघडा आहे, हे पाहतात. साधारण २० ते २५ टक्क्यांच्या वर असेल तर त्याला पृष्ठभागावरचे म्हणायचा प्रघात आहे. हा आकडा निसर्गाने दिलेला नाही, सोयीने ठरवलेला आहे. १९ टक्क्यांचा मणी आतला आणि २१ टक्क्यांचा बाहेरचा, असे प्रतिपिंड मानत नाही.

हे लोळवणे ज्या रचनेवर करायचे ती रचना नीट निवडली नाही तर उत्तर सरळ चुकते. हिमॅग्लुटिनिनची एकच साखळी घेऊन मोजले तर जे भाग उघडे दिसतात, त्यातले काही प्रत्यक्षात तीन साखळ्या एकत्र आल्यावर आत दाबले जातात. दुसरी अडचण मला जास्त मोलाची वाटते. विषाणूच्या काट्यावर जागोजागी साखरेच्या साखळ्या लोंबत असतात. छत्रीखाली उभ्या माणसासारखा एखादा मणी मोजमापात उघडा पडतो, पण वरून साखरेने झाकलेला असतो. अल्फाफोल्डचा सध्या सगळीकडे बोलबाला आहे. प्रथिनांच्या रचनेचे भाकीत करणाऱ्या या प्रणालीबद्दल हसाबिस आणि जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला आणि तो योग्यच होता. पण तिच्या सार्वजनिक संचातल्या रचनांवर ही साखर नसते. शिवाय पहिल्या मोठ्या संचातून विषाणूंची प्रथिने वगळलेलीच होती. चित्र सुंदर दिसते म्हणून ते पूर्ण आहे असे समजू नये.

फ्लूच्या काट्याची पहिली त्रिमितीय रचना विल्सन, स्केहेल आणि वायली यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. ती याच एच३एन२ ची, १९६८ च्या हाँगकाँग साथीतल्या विषाणूची होती. त्यानंतरच्या वर्षांतल्या विषाणूंमधले बदल त्यांनी त्या रचनेवर मांडून पाहिले, तेव्हा बदल काट्याच्या डोक्यावर, पृष्ठभागाच्या काही ठरावीक पट्ट्यांत जमलेले दिसले. पुढे अशा पाच पट्ट्या आणि त्यातल्या १३१ जागा मानल्या जाऊ लागल्या. मग २०१३ मध्ये केंब्रिज आणि रॉटरडॅमच्या संशोधकांनी वेगळेच दाखवले. १९६८ ते २००३ या काळात विषाणूने जेव्हा जेव्हा मोठी उडी मारली आणि लस बदलावी लागली, तेव्हा काम केले होते ते फक्त सात जागांनी: १४५, १५५, १५६, १५८, १५९, १८९ आणि १९३. या सातही जागा काटा पेशीला जिथे चिकटतो त्या खळग्याच्या काठावर आहेत. काही वेळा तर एकाच जागेवरचा बदल पुरला होता.

आता ‘के’चे सात बदल या नकाशावर ठेवून पाहा. १५८ आणि १८९ या दोन जागा थेट त्या सातांतल्या. १३५, १४४ आणि १६० डोक्यावरच, त्याच परिसरात. १३५ च्या बदलामुळे शेजारची साखर लागण्याची जागा जाते, तर १४४ च्या बदलाने साखरेला नवी जागा तयार होते. म्हणजे छत्री एकीकडून काढली आणि दुसरीकडे धरली. उरलेल्या दोन बदलांपैकी क्रमांक २ चा तर पार खाली, खोडाच्या बाजूला आहे; त्याचे फारसे मनावर घ्यायला नको. प्रयोगशाळेत लशीच्या विषाणूविरुद्ध तयार केलेला रक्तद्रव ‘के’ला नीट ओळखत नाही, हे नंतर दिसले. पण ती शंका नकाशा पाहूनच येत होती.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग संगणकच सांगेल की लस चालणार की नाही. माझा अनुभव तसा नाही. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

२००९ चा ऑगस्ट पुण्या-मुंबईतला कोणताही डॉक्टर विसरणार नाही. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात ३ ऑगस्टला झाला, शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या. आम्हाला तेव्हा चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे व्हेंटिलेटरवर तिशी-चाळिशीतली माणसे होती, गरोदर बाया होत्या, आणि फ्लूत एरवी आधी जाणारी सत्तरीची मंडळी तुलनेने सुटत होती. पुढच्याच वर्षी याचे कारण पृष्ठभागांच्या तुलनेतून कळले. २००९ च्या एच१एन१ चा काटा १९१८ च्या विषाणूच्या काट्याशेजारी ठेवला, तर डोक्याच्या माथ्यावरची अमिनो आम्ले जवळपास तीच निघाली. दोघांच्याही माथ्यावर साखर नव्हती. मधल्या दशकांत माणसांत फिरणाऱ्या एच१एन१ ने मात्र माथ्यावर साखर चढवून घेतली होती. १९१८ च्या साथीतून वाचलेल्या व्यक्तीच्या पेशींपासून मिळवलेले प्रतिपिंड २००९ च्या विषाणूलाही पकडत होते. आजोबांनी लहानपणी जो चेहरा पाहिला होता, तो त्यांना ९० वर्षांनी पुन्हा ओळखता आला. नातवाने तो कधी पाहिलाच नव्हता.

चार वर्षांनी उलटे घडले. २०१३-१४ च्या हिवाळ्यात अमेरिकेत एच१एन१ ने मध्यमवयीन माणसांना जास्त गाठले. काट्यावर १६६ क्रमांकाचे लायसिन जाऊन ग्लुटामिन आले होते. लशीसाठी विषाणू तपासताना फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याचा रक्तद्रव वापरतात. त्या चाचणीत हा बदल नगण्य ठरला आणि लस बदलली नाही. पण १९७७ नंतर परतलेल्या एच१एन१ शी बालपणी गाठ पडलेल्या पिढीची प्रतिपिंडे नेमकी त्या एका जागेवर एकवटलेली होती. त्यांच्यापुरता विषाणू पूर्ण बदलला होता. पृष्ठभाग सगळ्यांसाठी एकच, पण कोणाची नजर त्यावर कुठे खिळली आहे हे ज्याच्या त्याच्या जन्मवर्षावर अवलंबून. हे कोणतीही लोळणारी गोळी सांगू शकत नाही.

आणि मग २०१५. त्या वर्षी भारतात एच१एन१ ने ४२ हजारांहून अधिक रुग्ण आणि तीन हजारांच्या आसपास मृत्यू नोंदवले गेले. महाराष्ट्रातले मृत्यू नऊशेच्या घरात होते. मार्च महिन्यात अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी एक टिपण प्रसिद्ध केले. सार्वजनिक संग्रहात उपलब्ध असलेल्या दोन भारतीय विषाणूंची क्रमवारी त्यांनी २००९ च्या विषाणूशी ताडली होती. २०० आणि २२५ या पृष्ठभागावरच्या जागा बदललेल्या आहेत, त्यामुळे विषाणू पेशीला अधिक घट्ट चिकटेल आणि आजार अधिक तीव्र होईल, असे त्यांचे म्हणणे. आपल्या आरोग्य मंत्रालयाने आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने ते फेटाळले: विषाणू २००९ चाच आहे, वेगळा काही नाही. आठवडाभर वर्तमानपत्रांतून दोन्ही बाजू झळकल्या आणि आम्ही वॉर्डात नातेवाइकांना काय सांगावे हे आम्हाला कळेना.

मला तेव्हाही दोन्ही बाजू अर्ध्या वाटल्या, आजही वाटतात. २२५ ही जागा हलक्यात घेण्यासारखी नाही. २००९ मध्येच नॉर्वेने गंभीर रुग्णांत तिथला बदल नोंदवला होता. (एक गंमत म्हणजे याच जागेला दुसऱ्या पद्धतीत २२२ म्हणतात, आणि वर सांगितलेल्या १६६ ला १६३. एकाच घराला दोन क्रमांक. दोन शोधनिबंध शेजारी ठेवून तुलना करताना भले भले इथे फसतात.) पण हा बदल बरेचदा एकाच रुग्णाच्या फुप्फुसात खोलवर घडतो आणि पुढे पसरत नाही, कधी तर विषाणू प्रयोगशाळेत वाढवतानाच उगवतो. दोन नमुन्यांवरून हजारो रुग्णांच्या साथीबद्दल बोलणे हे दोन रक्ताचे रिपोर्ट पाहून जिल्ह्याचा पंडुरोग ठरवण्यासारखे आहे. मात्र दोनच नमुने होते, हा दोष तुलना करणाऱ्यांचा नव्हता. एवढ्या मोठ्या देशाच्या चालू साथीतले इतके कमी क्रम खुले होते, हे आपले अपयश. आणि ‘काहीही बदललेले नाही’ हेही पूर्ण खरे नव्हते. तोवर जगभरच्या एच१एन१ मध्ये १६६ चा तो बदल रुळला होता. लशीतला २००९ चा कॅलिफोर्निया विषाणू शेवटी २०१७ च्या दक्षिण गोलार्धाच्या लशीपासून बदलला गेला.

विषाणूच बदलतो असेही नाही, कधी लसही बदलते. बहुतेक फ्लू लशी कोंबडीच्या अंड्यात वाढवलेल्या विषाणूपासून करतात. अंड्यात रुळताना विषाणू आपल्या काट्याच्या डोक्यावर छोटे फेरफार करून घेतो. २०१६-१७ च्या लशीतल्या एच३एन२ ने अंड्यात १६० जवळची साखर टाकून दिली, बाहेर फिरणाऱ्या विषाणूवर ती होती. कागदावर निवड बरोबर, कुपीत मात्र वेगळा चेहरा. म्हणून आता क्रम केवळ रुग्णांच्या विषाणूचा नव्हे, तर लशीसाठी वाढवलेल्या विषाणूचाही ताडून पाहावा लागतो.

आता पुन्हा ‘के’कडे. नकाशा पाहून आणि फेरेटच्या चाचण्या पाहून बऱ्याच जणांनी यंदाच्या लशीवर फुली मारली होती. ब्रिटनच्या आरोग्य सुरक्षा संस्थेने नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रत्यक्ष रुग्णांवरून सुरुवातीचे आकडे दिले: रुग्णालयात जावे लागण्यापासून संरक्षण २ ते १७ वयोगटात ७० ते ७५ टक्के, प्रौढांत ३० ते ४० टक्के. आकडे हंगामाच्या सुरुवातीचे आहेत, पुढे घसरू शकतात. तरी प्रौढांचा आकडा फ्लूच्या लशीसाठी नेहमीच्या पट्ट्यातलाच आहे आणि मुलांचा तर उत्तम. याचे कारण पृष्ठभाग म्हणजे फक्त त्या सात जागा नव्हेत. काट्याचे खोड आहे, न्युरामिनिडेज हे दुसरे प्रथिन आहे, आणि टी पेशी तर आत दडलेल्या तुकड्यांवरही काम करतात. सात कुलपे बदलली म्हणून घराच्या सगळ्या चाव्या निकामी होत नाहीत.

आपल्याकडचे वेळापत्रक आणखी वेगळे. महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरमध्ये असतो, आणि छोटा जानेवारी ते मार्चमध्ये. त्या शिक्षकांनी जूनमध्ये घेतलेल्या लशीत आणि युरोपात या हिवाळ्यात दिलेल्या अंड्यातल्या लशीत एच३एन२ चा घटक एकच होता, २०२३ चा क्रोएशियात सापडलेला विषाणू. तेव्हा ब्रिटनचा आकडा त्यांना ढोबळमानाने लागू होतो, फरक एवढाच की त्यांच्या लशीला सात महिने झाले आहेत आणि साठीनंतर लशीचा जोर लवकर ओसरतो. सप्टेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२६ च्या दक्षिण गोलार्धासाठी निवडलेला एच३एन२ घटक ‘के’च्या अधिक जवळचा आहे, पण ‘के’ नाही. उत्तर गोलार्धासाठीची बैठक येत्या फेब्रुवारीत आहे.

त्यांना मी सांगितले ते असे. लस वाया गेलेली नाही, ती अर्धवट आड येईल. मे-जूनमध्ये नवी आली की पुन्हा घ्या. आपल्या राज्यात गरोदर महिला आणि मधुमेहासारखे आजार असलेल्यांना ती सरकारी रुग्णालयात मोफत देण्याची सोय २०१५ पासून आहे, फक्त साठा आहे का ते आधी विचारून या. तोवर ताप, अंगदुखी आणि खोकला एकदम सुरू झाला तर घरी चार दिवस पॅरासिटॅमॉल घेत बसू नका, पहिल्या ४८ तासांत दाखवा. ऑसेल्टामिविर हे औषध हिमॅग्लुटिनिनवर नव्हे, न्युरामिनिडेजवर काम करते. काट्यावरच्या त्या सात बदलांशी त्याचे काही देणेघेणे नाही. त्यांनी वहीत ४८ हा आकडा लिहून घेतला आणि विचारले, ‘‘आणि मास्क?’’ गर्दीत लावा म्हटले.